त्यांना हाक कशी मारायची?

अकादमीत ड्रिलच्या मैदानावर कुणाचा पाय चुकला, टोपी तिरकी झाली, की उस्ताद एकच शब्द फेकायचे, "सिव्हिलियन!" शिवी नव्हती ती, पण शिवीची सगळी कामं करायची. आम्ही पोरं त्या शब्दाला इतकी घाबरायला लागलो की सुट्टीत घरी गेल्यावरही खिशात हात घालून उभं राहवत नसे.

माझे वडील सिव्हिलियन होते. आणि तेही लष्करातले.

पुण्यातल्या एका लष्करी वर्कशॉपमध्ये ते फिटर होते. बोपोडीच्या चाळीतून सायकलवर निघायचे, हँडलला डबा, खिशात गेटपास. भोंगा वाजायच्या आधी आत. आयुष्यभर त्यांनी लष्कराच्या गाड्यांची इंजिनं उघडली आणि बसवली. त्यांच्या हाताला ग्रीसचा वास रविवारीसुद्धा यायचा. युद्धाच्या बातम्या रेडिओवर लागल्या की ते 'आपल्या गाड्या' म्हणायचे. उस्तादांचा तो शब्द कानावर पडला की मला त्यांचे हात आठवत, आणि मी काही न बोलता पाय आपटत राही.

कमिशन मिळालं, ऑर्डनन्समध्ये, म्हणजे लष्कराचा माल साठवून पुरवणाऱ्या खात्यात. आईनं आणि त्यांनी मिळून माझ्या खांद्यावर स्टार लावले. घरी परतल्यावर, दोन-तीन दिवसांनी, चहा पिताना ते म्हणाले, "ऑर्डनन्समध्ये चाललायस म्हणजे डेपोत जाशील. तिथं माझ्यासारखी माणसं असतील. त्यांना 'ए' म्हणू नकोस." थोडं थांबून म्हणाले, "आमच्याकडं तेवीस-चोवीस वर्षांचे साहेब यायचे. सुभेदाराला 'साब' म्हणायचे. मला आडनावानं, तेही अर्ध्याच. चौतीस वर्षं झाली."

त्यांच्या तोंडून तक्रार म्हणून ऐकलेलं हे एवढंच. पुढं चोवीस वर्षं मी वर्दीत काढली. डेपो, मुख्यालयं, शेवटी स्वतःचं युनिट. जवळपास सगळीकडं नागरी कर्मचारी हाताखाली होते, काही ठिकाणी जवानांपेक्षा जास्त. त्यांच्यासोबत काम कसं करावं यावर मला जे सांगायचंय ते बाबांच्या त्या एका वाक्यापाशीच येऊन थांबतं.

लष्करात आदराचं व्याकरण फार बारकाईनं लिहिलेलं आहे. कुणी कुणाला आधी सलाम करायचा, कुणी बसायचं, कुणी उभं राहायचं, सगळं ठरलेलं. त्यातली मला सर्वांत आवडणारी प्रथा म्हणजे सुभेदाराला 'साब' म्हणणं. कालच कमिशन मिळालेला लेफ्टनंट हुद्द्यानं सुभेदाराच्या वर असतो, पण पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या त्या माणसाला तो नुसत्या नावानं हाक मारत नाही. किती शहाणी प्रथा आहे ही! पण हे सगळं व्याकरण वर्दीपुरतं. सदतीस वर्षं एकाच शेडमध्ये काढलेल्या स्टोअरकीपरसाठी त्यात एकही शब्द नाही. तो सलाम करत नाही, त्याला कुणी करत नाही. त्याचा खांदा कोरा असतो. नव्या अधिकाऱ्याला त्या कोऱ्या खांद्याकडे पाहून काय म्हणायचं ते सुचत नाही, आणि मग 'ए' येतं.

१९९८ मध्ये मी लेफ्टनंट म्हणून पहिल्या डेपोत रुजू झालो. पंचविशीचा होतो. माझ्या ताब्यात दोन शेड आणि सत्तरेक माणसं. जवान मोजून नऊ. बाकी स्टोअरकीपर, क्लार्क, मजदूर, पॅकर, सुतार, ड्रायव्हर. शेडचे सीनियर स्टोअरकीपर १९६३ ला लागलेले. चीनच्या युद्धानंतर डेपो वाढले तेव्हा भरती झालेली ती पिढी. बासष्टचा धक्का पचवून उभं राहणारं लष्कर, पासष्ट, एकाहत्तर, सगळं त्यांनी लाकडी खोकी, रॅक आणि व्हाउचर यांच्यामधून पाहिलेलं. खरं तर ते माझ्या वाट्याला यायचेच नव्हते. त्या वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारनं निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं, म्हणून दोन वर्षं राहिले.

पहिल्या दिवशी मी त्यांना 'भाऊसाहेब' म्हटलं. ते म्हणाले, "भाऊसाहेब क्लार्कला म्हणतात, साहेब." मी 'काका' म्हणून पाहिलं. ते काहीच बोलले नाहीत, पण शेडमधली दोन तरुण माणसं एकमेकांकडं पाहून हसली. घरगुती शब्दानं आदर होत नाही, नुसती जवळीक होते, आणि ती मी अजून कमावलेली नव्हती. शेवटी त्यांच्या नावापुढं 'राव' लावून हाक मारायला लागलो. ते त्यांनी चालवून घेतलं.

आता माझी चूक सांगतो.

१९९९ च्या फेब्रुवारीत तपासणी होती. गाड्यांच्या सुट्या भागांची शेड मला विस्कळीत वाटायची. जोंगा, निस्सान वन टन, शक्तिमान यांचे भाग, कॅटलॉग नंबर काहीही असोत, कुठंही ठेवलेले. मी ठरवलं की सगळं नंबराच्या क्रमानं लावायचं. त्यांना सांगितलं. ते शेडकडं बघत राहिले आणि म्हणाले, "नंबरानं लावलं तर दिसायला फार छान दिसेल, साहेब." मी खूश झालो. तीन आठवडे माणसं रॅक हलवत होती. तपासणीत शेडचं कौतुक झालं.

मेमध्ये कारगिल सुरू झालं. मागण्या रात्री-अपरात्री यायला लागल्या. आणि माझ्या त्या देखण्या शेडमध्ये माल सापडेना. झालं होतं असं, की पुरवठादार बदलला, रचना थोडी सुधारली, की भागाला नवा नंबर मिळतो. एकाच वॉटर पंपाला तीन नंबर. जुन्या मांडणीत ते तिन्ही एका रॅकमध्ये होते, कारण मागणी कुठल्याही नंबरानं आली तरी गाडीत बसणारा पंप तोच. जड भाग खाली, रोज लागणारे दाराजवळ, वर्षातून एकदा लागणारे पार मागं. ती मांडणी छत्तीस वर्षांत एकेका अडचणीतून तयार झालेली होती, आणि मी ती एका हुकमानं मोडली होती.

त्या रात्री मी शेडमध्ये टॉर्च घेऊन फिरत होतो तेव्हा ते सायकलवरून आले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांच्या मागून आणखी सात-आठ जण. पिशवीतून त्यांनी दोनशे पानी वही काढली. रॅक हलवण्याआधी प्रत्येक भागाची जुनी जागा त्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवली होती. दोन रात्रींत शेड पूर्ववत झाली. निकडीचा माल तेवढ्यात पॅक होऊन स्टेशनवर गेलासुद्धा. 'मी सांगितलं होतं' असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

सांगितलं होतंच त्यांनी. 'दिसायला छान दिसेल' हे वाक्य म्हणजे नकार होता. मला तो ऐकता आला नाही. जवानानं नकार द्यायचा नसतो, तो 'जी साब' म्हणतो. नागरी माणूस नकार देऊ शकतो, पण समोर वर्दी असल्यामुळं तो थेट देत नाही. 'बघू या साहेब' म्हणजे होणार नाही. 'आधीच्या साहेबांनी पण करून पाहिलं होतं' म्हणजे फसलं होतं, विचारा कसं. आणि 'लेखी द्याल का?' म्हणजे हे चूक आहे, आणि उद्या याची शिक्षा मला होऊ नये.

या शेवटच्या वाक्यावर किती अधिकारी भडकतात ते मी पाहिलंय. मीही भडकलोय. तोंडी हुकमाला लेखी मागणं म्हणजे उद्धटपणा असं वर्दीत वाटतं. पण त्या माणसाच्या जागी उभं राहून पाहा. अधिकारी अडीच-तीन वर्षांनी बदलून जातो. साठ्यात तूट निघते ती कधी कधी पाच वर्षांनी. चौकशी बसते तेव्हा तोंडी हुकूम देणारा साहेब देशाच्या दुसऱ्या टोकाला असतो, आणि बिन कार्डावर, म्हणजे साठ्याच्या नोंदीवर, सही असते स्टोअरकीपरची. वसुली निघाली तर ती त्याच्या पगारातून. बाबा म्हणायचे, "साहेब चांगला असो की वाईट, अडीच वर्षांचा असतो. सही जन्मभराची." कारगिलनंतर मी कुणी मागायच्या आत लेखी द्यायला लागलो. मग बहुतेक वेळा लेखी लागलंच नाही.

कायद्यानंही ही माणसं अधांतरी ठेवली आहेत. लष्करी कायदा शांततेच्या काळात त्यांच्यापैकी बहुतेकांना लागू नाही. जवानाच्या चुकीचा निकाल कमांडिंग ऑफिसर दुसऱ्या दिवशी सकाळी लावू शकतो. नागरी कर्मचाऱ्याला १९६५ च्या शिस्तीच्या नियमांखाली आरोपपत्र द्यावं लागतं, त्याचं उत्तर, चौकशी अधिकारी, बचावासाठी सहकारी, मग न्यायाधिकरण. दुसऱ्या बाजूनं, इतर सरकारी नोकरांना बडतर्फीपासून संविधानाच्या ३११ व्या कलमाचं जे संरक्षण आहे, ते संरक्षण खात्यातल्या नागरी नोकराला नाही. शिवाय 'सिव्हिलियन' म्हणजे सगळे एकसारखेही नाहीत. युनिटमधले स्वयंपाकी, चौकीदार, लस्कर, न्हावी, शिंपी यांच्यापैकी जे लष्करी कायद्याखाली येतात त्यांना संघटना करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये सांगितलं. डेपो, वर्कशॉप आणि कारखान्यांतल्या कामगाराला मात्र युनियन आहे, आणि ती जुनी आहे.

ती युनियन आमच्या घरातच होती म्हणा ना. संरक्षण कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशनचं काम एसेमनी, म्हणजे एस. एम. जोशींनी, वर्षानुवर्षं केलं. १९६० च्या जुलैत केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा संप झाला त्यातही ते पुढं होते. बाबा नोकरीला लागले ते त्यानंतर, पण जुने कामगार त्यांना त्या संपाच्या गोष्टी सांगायचे, आणि बाबा त्या आम्हाला. तरीही अधिकारी म्हणून मी पहिल्यांदा वर्क्स कमिटीच्या, म्हणजे अधिकारी आणि कामगार यांच्या बैठकीच्या, टेबलावर बसलो तेव्हा समोरच्या युनियनच्या सेक्रेटरीकडं मी वैऱ्यासारखं पाहत होतो. वर्दी अंगात किती खोल जाते ते मला त्या दिवशी कळलं.

विषय हातमोज्यांचा होता. पत्र्याची शेड, एप्रिल महिना, लोखंडी भाग हाताला चटके देत. हातमोज्यांची मागणी आठ महिने पडून होती. मी म्हणालो, माझे जवान तर हातमोजे मागत नाहीत. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "साहेब, जवानाच्या हाताला काही झालं तर लष्करी दवाखाना आहे, डॉक्टर आहे, तो बरा होईपर्यंत लष्कर त्याच्या मागं उभं असतं. आमचा माणूस आधी स्वतःच्या खिशातून खर्च करतो. मग बिल लावतो. ते बिल तुमच्याच टेबलावर पडून आहे." खाली उतरून टेबल पाहिलं. वैद्यकीय बिलांची फाइल होती, सव्वीस बिलं, सर्वांत जुनं मी यायच्या आधीचं. त्या संध्याकाळी सगळी मार्गी लावली. हातमोजे दीड महिन्यानं आले.

कुणी म्हणेल, सगळे काही असे नसतात. नसतातच. हजेरी लावून गायब होणारे मला भेटले. कामाच्या वेळेत बाहेर दुकान चालवणारा एक होता, त्याच्या चौकशीला चौदा महिने लागले, आणि तेवढे महिने त्याच्या वाटणीचं काम बाकीच्यांनी ओढलं. त्या चौदा महिन्यांचा मला आजही राग आहे. पण एक पाहिलं. त्याला सगळ्यांत जास्त कंटाळले होते ते त्याच्याच शेडमधले लोक, आणि साक्षी त्यांनीच दिल्या, युनियनचा सभासद असून. अधिकारी खरं काम आणि खोटं काम यांत फरक करतो असा विश्वास वाटला की माणसं बोलतात. तो वाटला नाही तर सगळे एकमेकांना झाकतात.

विश्वास वाटायला फार काही लागत नाही. सकाळचा पहिला तास ऑफिसात न बसता शेडमध्ये घालवावा. हुकमासोबत कारणही सांगावं. वार्षिक मूल्यमापन अहवाल वेळेवर आणि स्वतःच्या हातानं लिहावा, कारण पदोन्नती वर्षानुवर्षं न मिळणाऱ्या माणसाची दहा, वीस आणि तीस वर्षांनी मिळणारी पगारवाढ त्या चार ओळींवर अडलेली असते. आणि घरात मृत्यू झाला तर जावं, वर्दीत जावं.

मृत्यूवरून आठवलं, आणि हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. माझ्याकडचा एक मजदूर हृदयविकारानं गेला. बायको, दोन मुली. जवान गेला असता तर रेजिमेंट, रेकॉर्ड ऑफिस, सैनिक बोर्ड, विधवांसाठीची संस्था, सगळी यंत्रणा हलली असती. इथं एकच दार होतं, अनुकंपा भरती. तिचा कोटा सरळ भरतीच्या जागांच्या पाच टक्के. जागा तीन, अर्ज पन्नासाच्या वर, प्रत्येकाला गुण. ती बाई दोन वर्षं दर महिन्याला यायची, निळ्या पिशवीत कागदांची झेरॉक्स घेऊन. मी प्रत्येक कागद पुढं पाठवला, पत्रं लिहिली, स्वतः जाऊन भेटलो. तिची निवड झाली नाही. शेवटच्या वेळी ती मला म्हणाली, "साहेब, ते पण लष्करातच होते ना?" मी 'हो' म्हणालो. त्या 'हो'ला कागदावर काहीच किंमत नव्हती.

निवृत्तीवेतनाचंही तसंच. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत आलेल्या नागरी माणसाला जुनं पेन्शन राहिलं नाही, सैनिकाला राहिलं. सैनिकाचं राहायलाच हवं, तो पस्तिशी-चाळिशीत घरी जातो. पण एकाच शेडमध्ये एकच खोकं उचलणाऱ्या दोघांपैकी एकाला म्हातारपणाची रक्कम ठाऊक असते आणि दुसरा ती बाजारावर सोपवतो, हे रोज पाहणं सोपं नव्हतं. एप्रिल २०२५ पासून ठरावीक रकमेच्या हमीची नवी योजना आली आहे. त्या तरुणांची आठवण येऊन मला बरं वाटलं.

३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली. आग पाहून माणूस मागं पळतो, तिथं आगीच्या बंबावरची माणसं पुढं गेली. मृतांत दोन लष्करी अधिकारी होते, आणि सर्वाधिक होते नागरी अग्निशामक कर्मचारी. मी तेव्हा दुसऱ्या ठिकाणी होतो. दिवसभर फोन चालू होते. कुणीतरी मला विचारलं, "आपले किती गेले?" मी आकडा सांगितला. पलीकडून पुन्हा प्रश्न आला, "नाही, आपले किती?" मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा बराच वेळ बोलता आलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षात माझ्या युनिटमध्ये मिलिटरी फार्ममधली दोन माणसं आली. १८८९ पासून चालत आलेले ते गोठे ३१ मार्च २०२१ ला बंद झाले आणि माणसं लष्करात इतरत्र वाटली गेली. त्यातल्या एकाला मी डिस्पॅचच्या टेबलावर बसवलं. पंचवीस वर्षं पहाटे तीनला उठून दूध काढणारा माणूस. तो नऊ वाजता येणाऱ्या नोकरीवर पहाटे पाचलाच गेटवर हजर व्हायचा. त्याला बागेचं आणि पाण्याचं काम दिलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला. वरून आलेल्या कागदावर त्याच्या नावासमोर फक्त 'समायोजित' एवढं लिहिलेलं होतं.

पहिल्या डेपोतल्या त्या स्टोअरकीपरांकडं परत येतो.

कारगिलनंतर प्रशंसापत्रांसाठी नावं मागवली गेली. आर्मी कमांडरचं प्रशंसापत्र नागरी कर्मचाऱ्यालाही मिळू शकतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं, हेड क्लार्कबाईंनी नियम काढून दाखवला. मी स्टोअरकीपरांचं नाव पाठवलं. मांडणी मी बिघडवली होती हेही त्यात लिहिलं. वरच्या साहेबांनी ते वाक्य खोडलं, नाव ठेवलं. पण यादी पुढं गेली आणि नाव मागं राहिलं. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पाठवलं होतंत ना? मग झालं." तरीही ते मला आजवर पुरलेलं नाही.

३१ जुलै २००० ला ते निवृत्त झाले. सोमवार होता. शेडमध्येच कार्यक्रम, शाल, श्रीफळ, समोसे, आणि मजदुरांनी वर्गणी काढून घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ. त्यांनी भाषण केलं नाही. दोनशे पानी वही नव्या स्टोअरकीपरच्या हातात दिली आणि कुठली पानं आता जुनी झाली आहेत ते त्याला दाखवत बसले, भोंगा होईपर्यंत.

मी त्यांच्यासोबत गेटपर्यंत चालत गेलो. वाटेत ते माझ्याकडं वळून म्हणाले, "दोन नंबर शेडचा पत्रा पावसाआधी बघायला हवा होता, राहिला." गेटवर पहाऱ्याला नवाच जवान होता. त्यानं मला सलाम केला आणि त्यांच्याकडं हात पुढं केला. शेवटच्या दिवशी गेटपास जमा करावा लागतो. उद्यापासून आत यायचं तर पाहुण्यांच्या वहीत नाव लिहून. त्यांनी वरच्या खिशातून पास काढला. प्लास्टिकच्या आतला फोटो तरुणपणीचा होता. जवानानं तो न बघताच पेटीत टाकायला घेतला.

"साब का पास है," मी म्हणालो, "रजिस्टर में ठीक से चढ़ाओ।"

जवान ताडकन सावधान झाला. माझ्या मागं पाहिलं, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. कुठले सुभेदार साहेब आलेत ते तो शोधत होता.